दिलेल्या शब्दावर

१२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. कझाकस्तानहून येणाऱ्या इल्यूशिन विमानाला दिल्लीच्या नियंत्रकाने १५,००० फुटांपर्यंत उतरायला सांगितलं. त्याच मार्गावरून समोरून येणारं सौदियाचं बोइंग ७४७ त्याने १४,००० वर थोपवून धरलं होतं. समोर विमान आहे, १४ मैलांवर आहे, हेही इल्यूशिनला सांगून झालं. थोड्याच वेळात दोन्ही विमानं चरखी दादरीच्या शेतांत कोसळली. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही.

नियंत्रकाच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसे. किती उंचीवर आहे ते दिसत नसे. उंची दाखवणारं दुय्यम रडार दिल्लीत तेव्हा सुरू व्हायचं होतं. म्हणजे मधले हजार फूट पडद्यावर नव्हतेच. ते होते फक्त रेडिओवरच्या बोलण्यात. त्याने आकडा सांगायचा, वैमानिकांच्या बाजूने तो परत म्हणायचा, आणि त्यावर विसंबायचं.

इल्यूशिनमध्ये तो आकडा परत म्हणणारा होता रेडिओ ऑपरेटर. त्याच्यासमोर उंचीमापक नव्हता. उंची पाहायची तर वैमानिकांच्या खांद्यावरून डोकवावं लागे. त्याने शब्द दिला तेव्हा विमान चालवणारे हात दुसऱ्यांचे होते, आणि ते हात विमान १५,००० च्याही खाली नेत राहिले. ही व्यवस्था कोणाला धोक्याची वाटली नाही, याचा मला अजून राग येतो.

त्यानंतर भारताने विमानांत टक्कर टाळणारं यंत्र, टीकॅस, सक्तीचं केलं. विमानांनीच एकमेकांना ओळखायचं आणि वैमानिकांना वर जा, खाली जा सांगायचं. निर्णय योग्यच होता. पण १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर रशियन विमानातलं यंत्र वर जा म्हणत होतं आणि झ्युरिचचा नियंत्रक खाली. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. समोरचं मालवाहू विमान यंत्राचं ऐकून खालीच येत होतं. ७१ जण गेले, त्यांत बहुतेक मुलं.

यंत्राने काय सांगितलं, हे त्या नियंत्रकाला कळायची सोयच नव्हती. तो एकटा दोन पडदे सांभाळत होता, सहकारी विश्रांतीला गेला होता, आणि दुरुस्तीसाठी मुख्य टेलिफोन बंद होता. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या नियंत्रकांना ही टक्कर आधीच दिसली होती. ते झ्युरिचचा नंबर फिरवत राहिले.