आधी मोजून दे म्हणावं

राहुरी

चि. बाळ,

वहिनींचा फोन आला होता. डिझेल निम्म्यावर आणणाऱ्या किटची तू तालुक्याची एजन्सी घेतो आहेस आणि अनामतीसाठी सोनं गहाण ठेवायचं ठरवलं आहेस, असं कळलं. ट्रॅक्टरचं इंजिन तू स्वतः खोलतोस, तेव्हा हिशेब मांडला तर तुला पटेल. म्हणून रागवण्याऐवजी हे पत्र लिहायला बसलो.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 युनिट उष्णता असते. वीजबिलावर असतं तेच युनिट. आपल्या ट्रॅक्टरचं धडधाकट इंजिन त्यातली तीन-साडेतीन युनिटं कामाला लावतं. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जातात. डिझेल निम्मं करायचं म्हणजे तेवढ्याच लिटरमध्ये सहा-सात युनिटं काम काढायचं. उष्णतेपासून किती काम निघू शकतं याला मर्यादा आहे, हे सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने 1824 मध्येच मांडलं. त्या मर्यादेच्या आत राहून माणसाने किती मजल मारली, तेही बघ. 1897 मध्ये रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची जर्मनीत चाचणी झाली, तेव्हा कार्यक्षमता भरली 26.2 टक्के. 2024 मध्ये चीनच्या वेईचाई कंपनीने 53.09 टक्क्यांचं डिझेल इंजिन जाहीर केलं आणि तो जागतिक विक्रम असल्याचं सांगितलं. म्हणजे दुप्पट करायला साऱ्या जगाच्या कारखान्यांना कित्येक दशकं लागली. तुझा किटवाला आपल्या जुन्या इंजिनाला एका दुपारीत त्याच्याही पुढे नेतो म्हणतो.

त्याचं किट पाण्यापासून हायड्रोजन काढून इंजिनाला देतं, असं तू वहिनींना समजावलंस. पाणी फोडायला वीज लागते. ती अल्टरनेटरमधून येते, अल्टरनेटर इंजिन फिरवतं आणि इंजिन डिझेलवर चालतं. पाटाचं पाणी आठव. मुळा धरणातून सोडलेलं पाणी चारीने, पोटचारीने जिरत जिरत टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोचतं. सोडलं त्यापेक्षा जास्त पाणी टेलला निघालं, असं कुठलं आवर्तन आजवर झालं का? कामी येणाऱ्या ऊर्जेचंही तसंच आहे. प्रत्येक वळणावर ती घटते, वाढत कुठेच नाही.

‘पण गावातल्या दोघांना फरक पडला,’ असं तू म्हणशील. ते खोटं बोलत नसतील. किट बसवताना एअर क्लीनर साफ होतो, नोझल तपासला जातो, टॅपेट लावले जातात. पैसे मोजलेला माणूस गाडीही जपून चालवतो. मी स्वतः एकदा डिझेलच्या पाइपवर चुंबक बसवून घेतलं होतं आणि महिनाभर सगळ्यांना बचत झाल्याचं सांगत होतो. नंतर वही काढून नांगरटीचा एकरी हिशेब लावला, तर डिझेल होतं तेवढंच लागलं होतं. माझं ऐकून दोघांनी ते घेतलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. तू एजन्सी घेतलीस तर तुझ्या शब्दावर विश्वास ठेवणारी अशी किती घरं असतील, याचा विचार कर.

असे दावे याआधीही झाले आहेत. तमिळनाडूच्या रामर पिल्लईने 1996 मध्ये वनस्पतीपासून पेट्रोल बनवल्याचा दावा केला. देशभर कौतुक झालं. शास्त्रज्ञांनी नीट तपासलं तेव्हा दावा टिकला नाही. तरी पुढे ते इंधन विकलं गेलं, आणि 2016 मध्ये न्यायालयाने त्याला 3 वर्षांची शिक्षा सुनावली. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभरावर साधनं तपासली आहेत. इंधनात मोठी बचत करणारं त्यांत एकही निघालं नाही.

नवीन शोध लागतच नाहीत, असं मी म्हणत नाही. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनावरही लोकांनी शंका घेतली होती. पण त्याची चाचणी म्युनिकच्या प्राध्यापक श्रोटर यांनी केली, मोजमाप त्यांनी घेतलं. खरा शोधक परक्याला मोजायला बोलावतो. आपल्या अहिल्यानगरात व्हीआरडीई आणि पुण्यात एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्था आहेत, ट्रॅक्टर तपासणारी संस्था मध्य प्रदेशात बुदनीला आहे. किटवाल्याला यांपैकी एकीचा अहवाल माग. चौकातल्या प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ त्याच्या जागी चालणार नाही.

अहवाल नसेल, तर एक किट आठ दिवस मागून घे. टाकी काठोकाठ भर. तेच रान, तोच रोटाव्हेटर, तोच गिअर ठेव. दोन एकर किटसह कर, दोन एकर किटशिवाय, आणि दोन्ही वेळा परत भरलेलं डिझेल मापाने मोज. असं चार वेळा कर. इंजिनाची साफसफाई दोन्हीकडे सारखी असू दे, आणि किट चालू आहे की बंद, हे ट्रॅक्टर हाकणाऱ्याला कळू देऊ नकोस.

डिझेल वाचवायचंच असेल तर फिल्टर वेळेवर बदल, टायरमध्ये हवा नीट ठेव, उभं इंजिन बंद कर. बचत थोडी होईल, पण ती वहीत दिसेल.

किटवाला मोजायला तयार झाला, तर मला बोलाव. वही घेऊन मी बांधावर येतो. तो टाळाटाळ करू लागला, तर तेच त्याचं उत्तर समज. तोवर वहिनींचं सोनं घरातून हलवू नकोस.

तुझा,
काका