धातुमळी आणि सत्कार्यवाद

कार्य कारणात आधीपासूनच असते की नव्याने उपजते, हा भारतीय दर्शनांतला फार जुना वाद. सांख्य म्हणतात, जे मुळात नाही ते कधीच निर्माण होत नाही. उत्पत्ती म्हणजे अव्यक्ताचे व्यक्त होणे; हाच सत्कार्यवाद. न्याय-वैशेषिकांच्या मते उत्पत्तीपूर्वी कार्याचा प्रागभाव, म्हणजे आधीचा अभाव, असतो आणि अवयवांच्या संयोगातून खरोखरच नवी वस्तू जन्मते. हा वाद माती आणि घट, तंतू आणि पट यांच्या आधारे चालत आला. पोलाद कारखान्यातली धातुमळी त्याची अधिक कठोर परीक्षा घेते.

झोतभट्टीत लोहखनिजातली सिलिका आणि अॅल्युमिना चुनखडीतल्या चुन्याशी मिळून वितळलेल्या लोखंडावर तरंगतात. ही धातुमळी, म्हणजे स्लॅग. टनभर लोखंडामागे ती साधारण 300 किलो निघते. हळूहळू निवू दिली तर तिचे स्फटिक होतात आणि ती खडीच्या कामाची उरते. वितळलेली असतानाच पाण्याच्या जोरदार झोतात एकदम थंड केली तर काचेसारखे कण मिळतात. या कणांत चुन्याच्या सोबतीने घट्ट होण्याचा गुण आहे, हे जर्मनीत एमिल लांगेन यांनी 1862 मध्ये दाखवले. रासायनिक घटक दोन्हीकडे तेच. फरक फक्त रचनेचा.

इथे नैयायिकांची बाजू भक्कम वाटते. शक्ती द्रव्यातच असती तर दोन्ही रूपांत सारखी दिसायला हवी होती. अवयवांचा संयोग हे ते स्वतंत्र, असमवायी कारण मानतात, आणि धातुमळीच्या बाबतीत तेच निर्णायक ठरते.

पुढचा टप्पा मात्र सांख्य-योगाकडे झुकतो. दळलेली काचमय धातुमळी नुसत्या पाण्यात कालवली तर कणांवर पातळ, जवळपास अभेद्य पापुद्रा बसतो आणि क्रिया थांबते. सिमेंटसाठी चुनखडी भाजून केलेल्या क्लिंकरमधून सुटणारा चुना किंवा दुसरा एखादा अल्कली तो पापुद्रा भेदतो; मग कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होऊन मिश्रण दगडासारखे घट्ट होते. पतंजलींच्या योगसूत्रांत, चौथ्या पादात, निमित्त कारणाला शेतकऱ्याची उपमा दिली आहे: तो पाणी ढकलत नाही, फक्त बांध फोडतो. अल्कलीचे काम याहून नेमके सांगता येणार नाही.

धातुमळी टाकाऊ समजली जाते, पण तिच्यात दडलेली ही शक्ती पाहता ‘टाकाऊ’ हा पदार्थाचा स्वभाव म्हणता येत नाही. तो पुष्कळदा माणसाच्या ज्ञानाची मर्यादा दाखवतो, आणि त्या मर्यादेची किंमत मोठी असते. क्लिंकर भाजताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून अधिक भाग इंधनातून नव्हे, खुद्द चुनखडीतून सुटतो. भट्टीचे इंधन बदलून तो टळत नाही. क्लिंकरच्या जागी धातुमळी घातली की तेवढी चुनखडी भाजावीच लागत नाही. स्लॅग सिमेंटसाठीच्या भारतीय मानकानुसार तिचे प्रमाण 25 ते 70 टक्के ठेवता येते. रायगड जिल्ह्यातल्या डोलवीत पोलाद कारखान्यालगतच असे सिमेंट दळले जाते.

पण ‘काहीच टाकाऊ नसते’ हा निष्कर्ष यातून निघत नाही, आणि तो सांख्यांनाही मान्य झाला नसता. कोणत्याही कारणातून कोणतेही कार्य होत नाही, हा सत्कार्यवादाच्या पाच हेतूंपैकी एक आहे. तांब्याच्या धातुमळीत लोह भरपूर आणि चुना थोडा, म्हणून तिचा बंध दुबळा. लोखंडाचे पोलाद करताना निघणाऱ्या धातुमळीत मोकळा चुना राहतो. ओल लागली की तो फुगतो आणि काँक्रीटला तडे पाडतो. तिला महिनोन्महिने उघड्यावर मुरवावे लागते, आणि तरीही ती सिमेंटपेक्षा रस्त्याच्या भरावातच अधिक जाते.