झऱ्याच्या हिशेबातले ऑफिस

जुलै २०२५ मध्ये सिक्कीमच्या पाक्योंग जिल्ह्यातले याक्तेन हे लहानसे गाव ‘डिजिटल नोमॅड व्हिलेज’ म्हणून जाहीर झाले. गावभर वायफाय आले, एक जोडणी तुटली तर दुसरी चालावी अशी तजवीज झाली, वीज गेल्यावर काम अडू नये म्हणून इन्व्हर्टर आले. हेतू सरळ होता. पर्यटकांचा हंगाम ओसरला की होमस्टे चालवणाऱ्या घरांची कमाई आटते. त्या रिकाम्या महिन्यांत बंगळूर-पुण्याच्या कंपनीतला माणूस लॅपटॉप घेऊन महिनाभर राहिला, तर घरात नेमाने पैसा येईल. गावातली जुनी पाणीटंचाई मात्र अजून मिटायची होती. त्यासाठी जलजीवन मिशनकडे बोट दाखवले गेले. म्हणजे इंटरनेट आधी आणि पाणी मागाहून. डोंगरातल्या को-वर्किंगला ‘शाश्वत’ म्हणायचे असेल तर हा क्रम उलटा करावा लागेल, असे माझे म्हणणे आहे.

शाश्वत म्हटले की डोळ्यांपुढे छतावरची सौर पॅनेले आणि बांबूची टेबले येतात. जरा हिशेब करून पाहू. एक लॅपटॉप साधारण ५० वॅट वीज घेतो. दहा जण एका वेळी कामाला बसले तरी ५०० वॅट. अंघोळीचा एक गीझर २,००० वॅटचा असतो. तेव्हा कार्यालय म्हणून जे काही आहे ते डोंगराला जवळजवळ फुकट पडते. भार पडतो तो माणसाच्या उरलेल्या दिवसाचा. आणि विजेहून मोठा भार पाण्याचा. जलजीवन मिशन गावातल्या माणसाला रोज ५५ लिटर देण्याचे ठरवते, तर शहरांसाठीचा सरकारी मापदंड १३५ लिटरचा आहे. शहरी सवयीचे दहा पाहुणे रोज १,३५० लिटर वापरतील, म्हणजे गावातल्या चोवीस माणसांचा वाटा. बांबूच्या टेबलाने यातला एक तांब्याही वाचत नाही. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालानुसार हिमालयातले जवळपास निम्मे बारमाही झरे आटले आहेत किंवा हंगामी झाले आहेत, आणि तिथल्या बहुतेक गावांची तहान या झऱ्यांवरच भागते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सिमल्यावर पर्यटकांना येऊ नका म्हणण्याची वेळ आली होती.

मग माणसे बोलवूच नयेत का? इथे झऱ्याचे वेळापत्रक पाहावे लागते. झरा पावसाळ्यात भरतो, दिवाळीनंतर उतरू लागतो आणि मार्च ते मे या काळात करंगळीएवढा होतो. सुटीतले पर्यटक नेमके त्याच काळात येतात. सह्याद्रीत वेगळे काही नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण गर्दी लोटते एप्रिल-मेमध्ये. पर्यटकाला मुलांच्या शाळेची सुटी आणि निरभ्र आकाश लागते, तो जुलैत येणार नाही. लॅपटॉपवर काम करणाऱ्याला दोन्हींची गरज नसते. या नव्या पाहुण्याचा खरा गुण हाच आहे की पाणी असते तेव्हा तो येऊ शकतो. म्हणून अशा कार्यालयाची क्षमता खुर्च्यांवरून ठरवू नये. उन्हाळ्यात झऱ्याची धार मोजावी आणि तेवढीच माणसे घ्यावीत. कमाईतला वाटा झऱ्याच्या वरच्या उतारावर पाणी मुरवणारे चर खणायला जावा. सिक्कीमनेच २००८ पासून ‘धारा विकास’ योजनेत हे काम करून दाखवले आहे, त्यामुळे तंत्र कुठून आयात करायला नको.

यावर पहिला आक्षेप रस्त्याचा. पावसाळ्यात दरडी कोसळतात. सिक्कीमला देशाशी जोडणारा राष्ट्रीय महामार्ग १० दरवर्षी कुठे ना कुठे अडतो, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तीस्तेला पूर आला तेव्हा तो अनेक ठिकाणी वाहूनच गेला होता. आक्षेप खरा आहे. पण दर शनिवार-रविवारी गाडी काढणाऱ्याला महिन्यात आठ वेळा तो रस्ता तुडवावा लागतो, महिनाभर राहणाऱ्याला दोनदा. रस्ता बंद असलेला आठवडा त्याला खोलीत बसून काढता येतो, इंटरनेटची फायबर केबल टिकली तर.

दुसरा आक्षेप जमिनीचा, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. आधी कार्यालय, मग कॅफे, मग ‘व्ह्यू’वाले बंगले. बाहेरच्यांना जमीन घेता येऊ नये म्हणून हिमाचलने १९७२ च्या कायद्यात कलम ११८ घातले. पण भाडेपट्टी आणि नवे मजले यांची वाट त्याने पुरती बंद होत नाही. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची घरे तडकली, तेव्हा उतारावर किती ओझे लादायचे हा प्रश्न सगळ्या देशापुढे आला. त्यामुळे नियम एकच असावा: नवे बांधकाम नाही. असलेल्या भिंती वापरा. महाराष्ट्रात याचा नमुना आहे. पाचगणीजवळच्या भिलारला मे २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ उभे राहिले ते ग्रंथालयाची इमारत न बांधता. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, बहुतांश लोकांच्या राहत्या घरांत, हजारो पुस्तके ठेवली गेली. कपाटे ठेवता येतात तिथे टेबलेही ठेवता येतील. उत्तराखंडच्या पलायन आयोगाने २०११ नंतर ७३४ गावे ओस पडल्याचे नोंदवले आहे, तेव्हा तिथे घरांना तोटा नाही. अडचण वेगळीच: कुलूप उघडायचे कुणाच्या सहीने? वाटणी न झालेल्या सामायिक मालकीला तिथे ‘गोल खाते’ म्हणतात, कोकणात सातबाऱ्यावर वीस नावे असतात, दुखणे एकच.

यातून स्थलांतर थांबेल असे म्हणणारे मात्र उगाच मोठे बोलतात. दहा टेबलांनी गाव परत भरत नाही. फार तर शिकून बाहेर पडलेल्या एखाद्या मुलीला घरी राहून नोकरी करता येईल, आणि तेही टेबलाचे भाडे तिला परवडले तर. म्हणून निदान तिसरा हिस्सा जागा गावासाठी राखीव आणि स्वस्त हव्यात. आणखी एक खर्च कुठल्याच पत्रकात दिसत नाही. होमस्टेचा पाहुणा दोन रात्री राहतो तेव्हा घरातली बाई ते निभावून नेते. तोच तीस दिवस राहिला की तिचा स्वयंपाक, धुणी, चादरी तीस दिवस चालतात, आणि पैसे बहुधा घरच्या पुरुषाच्या खात्यावर जमा होतात. जेवण बचत गटाच्या सामायिक स्वयंपाकघरातून द्यावे, कपडे पाहुण्याने स्वतः धुवावेत, आणि बादलीवर लिटरची खूण असावी. बादली संपली की त्या दिवसाचे धुणे संपले.