निस्ताराचा बांबू

आमच्या पोंभुर्ण्याच्या बाजूला ‘निस्तार’ हा शब्द मूल शाळेत जाण्याआधीच ऐकते. कुडाला बांबू हवा, चुलीला जळण हवे, तर ते सवलतीने जंगलातून मिळावे, ही निस्ताराची सोय. अट एकच : घरी वापरा, विकू नका. तोच बांबू कुंपणाला लागला तर कोणी विचारत नाही; बाजारात गेला की गुन्हा होतो. बांबू बदलत नाही, त्याचे काम बदलते.

हा बांबू मला परवा भलत्याच ठिकाणी आठवला. माझा जुना लॅपटॉप मी भाच्याला दिला. त्याने गावात अर्ज भरून देण्याचे, टंकलेखनाचे दुकान काढले आहे. लॅपटॉपवर ‘ऑफिस होम अँड स्टुडंट २०१९’ होते. मी रोख पैसे मोजून घेतलेले. पण त्याच्या परवान्यात स्पष्ट म्हटले आहे की, हे कमाईच्या कामासाठी नाही. मी मास्तरकीच्या सवयीने भाच्याला ते वाचून दाखवले.

तो हसला. “मामाजी, भाच्याचे दुकान म्हणजे घरच नाही का? आणि चोरून थोडेच आणले? तुम्ही पैसे दिले आहेत.”

“पैसे घरच्या वापराचे दिले, दुकानाच्या नव्हे,” मी म्हणालो.

“मग तुमची कादंबरी याच्यावरच लिहिली ना? तिचे मानधन परत केले का?”

मला उत्तर सुचले नाही. वर्गात दुसऱ्याची वही पाहणाऱ्या मुलाला मी उभे करतो. आज मीच उभा होतो.

त्या रात्री मी मनाशी पुष्कळ वाद घातला. कंपनी केवढी मोठी, भाच्याचे दुकान केवढेसे! तिचे काय बिघडणार? पण घराला दर कमी का, याचा विचार केला तेव्हा हा युक्तिवाद लंगडा पडला. कमावणारा जास्त देतो, म्हणून शिकणाऱ्याला कमीत मिळू शकते. कमावणारेच घरच्या दाराने आत शिरू लागले, तर उद्या ते दार बंद होईल, आणि बाहेर राहील एखादा विद्यार्थी. शिवाय सवलत देणारा आपल्या घरात डोकावायला येत नाही. तो भरवसा ठेवतो. लहान माणसाने मोठ्याचा भरवसा मोडला, तरी मोडतो तो भरवसाच.

कायद्यालाही घर आणि दुकान वेगळे दिसतात. बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ६३ ब खाली, निदान सात दिवसांची कैद आहे. पण तो वापर धंद्यातल्या लाभासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते.

मग प्रत्येक अट न्याय्यच असते का? नाही. वैनगंगेपलीकडे धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकण्याची वाट अडलेलीच होती. गावाने रात्री बांबू पळवला नाही. दिवसाढवळ्या हक्क मागितला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. अट चुकीची वाटली तर ती उजेडात बदलून घ्यावी. अंधारात ओलांडली, तर ती पुढच्या माणसासाठी तशीच उरते.

आमच्यापुढे तर लढ्याचाही प्रश्न नव्हता. ‘लिब्रे ऑफिस’ घरालाही मोफत आहे आणि दुकानालाही. देणाऱ्यांनीच ते सर्वांना खुले केले आहे. भाच्याने ते घातले. जुन्या फायलींची मांडणी हलते म्हणून तो कुरकुरतो; मी गप्प ऐकून घेतो. कादंबरीचा हिशेब मात्र माझ्याकडे बाकी आहे. यंदाचे दिवाळी अंकाचे मानधन आले की पुढच्या लिखाणासाठी धंद्याचा परवाना घ्यायचा, असे मी त्याला सांगितले आहे. आता तो रोज विचारतो, “मामाजी, मानधन आले का?”