गळाचा हिशेब

काटकसर आणि सदाचार या दोन वस्तू आपल्या मध्यमवर्गीय घरांत एकाच फडताळांत ठेवण्याची वहिवाट आहे. जो थोडक्यांत भागवितो तो सज्जन, आणि जो उधळतो त्याच्या चारित्र्याविषयीं शंका घेण्यास हरकत नाहीं, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. ही समजूत अगदींच खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तिच्या आडून पुष्कळ गोष्टी तपासणीवांचून घरांत शिरतात. एखादी करमणूक स्वस्तांत होत असली कीं ती निर्दोषहि असलीच पाहिजे, असें मन परस्पर ठरवून टाकतें. पैसा वांचला, मग पापपुण्याचा जमाखर्च कोण मांडीत बसतो? आम्हीहि तो कधीं मांडला नव्हता. एका उन्हाळ्यांत एका परक्या सरोवरावर तो मांडण्याचा प्रसंग आला, आणि अद्यापि तो जुळलेला नाहीं.

आमचा एक भाचा कॅनडांत, ओंटारिओ प्रांतांतील बॅरी या गांवीं राहतो. हें गांव लेक सिम्को नांवाच्या सरोवराच्या पश्चिमेकडील फांट्यावर वसलेलें आहे. सरोवर सातशें चौरस किलोमीटरांहून मोठें. आणि त्याची सर्वांत अधिक खोली, सुमारें ४१ मीटर, नेमकी याच फांट्यांत. त्यामुळें किनाऱ्यापासून फार दूर न जातां खोल पाण्यावर पोहोंचतां येतें. ज्याच्यापाशीं मोठी नौका घेण्याइतके पैसे नाहींत त्याला ही सोय फार मोठी. भाच्यापाशीं ते नव्हते. घराचें कर्ज डोक्यावर, मुलें शाळेंत जाणारीं. तेव्हां त्यानें कोणाची तरी वापरलेली कॅनू, म्हणजे तिकडची ती हलकी अरुंद होडी, विकत घेतली आणि मासे धरण्याचा छंद आरंभिला.

त्या प्रकाराला तिकडे ट्रोलिंग म्हणतात. ऐकावयास तो फार सोपा आहे. चालत्या होडीमागें दोरी सोडावयाची. तिच्या टोंकाशीं चकाकणारा धातूचा तुकडा आणि त्याला गळ. होडी ताशीं दोन-तीन किलोमीटर अशा संथ गतीनें चालली म्हणजे तो तुकडा जखमी मासोळीसारखा लटपटत मागून येतो. मोठ्या इंजिनाला इतकें सावकाश चालणें जड जातें. दोन वल्हीं मारणाऱ्या माणसांना तें आपोआप साधतें. आणि तो चकाकणारा तुकडा तरी काय, तर मूळचा स्वयंपाकघरांतला चमचा. अमेरिकेंतील व्हरमाँट संस्थानांत ज्यूलिओ ब्यूएल नांवाच्या गृहस्थाच्या हातून चमचा सरोवरांत पडला आणि तो बुडत असतांनाच एका माशानें त्यावर झडप घातली, अशी गोष्ट सांगतात. ब्यूएलनें मग चमच्याचा दांडा कापून त्याला गळ जोडला आणि १८५२ मध्यें त्याचें पेटंट घेतलें. गोष्ट खरी असो वा नसो, पेटंट खरें आहे.

ज्या माशासाठीं हा खटाटोप, तो लेक ट्राउट, थंडीचा मोठा भोक्ता. दहा अंशांच्या आसपासचें पाणी त्याला मानवतें. मे महिन्यांत सगळेंच सरोवर गार असतें, त्यामुळें मासा वर असतो आणि साधी दोरी व एक चमचा एवढ्यावर भागतें. खरी अडचण जुलैत येते. तेव्हां ऊन पाणी वर आणि गार पाणी खालीं असे दोन थर होतात. ते एकमेकांत मिसळत नाहींत, आणि मासा पंधरा-वीस मीटर खालीं जाऊन राहतो. धनवान माणसाच्या नौकेवर तळाचें चित्र दाखविणारें यंत्र असतें, आणि चार-पांच किलोंचा शिशाचा गोळा तारेनें खालीं सोडणारा रहाट असतो. आमच्या भाच्यानें त्या रहाटाऐवजीं एक दोरी घेतली. तिच्या विणलेल्या वेष्टनाच्या पोटांत शिशाची बारीक तार ओंवलेली असते. दर नऊ मीटरांनी तिचा रंग बदलतो, आणि संथ वल्हविल्यास एकेका रंगामागें गळ दीड-दोन मीटर खालीं उतरतो. किती रंगांवर मासा लागला एवढें ध्यानांत ठेवलें कीं पुरे. एका वस्तूंत मात्र त्यानें काटकसर केली नाहीं, ती म्हणजे अंगांत घालावयाची तरंगणारी जाकिटें. मे महिन्याच्या त्या पाण्यांत पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्याच मिनिटांत सुटूं लागतो. तेथें पट्टीचा पोहणाराहि भरवंशाचा नाहीं. या एका गोष्टीसाठीं आम्हीं त्याला मनांतल्या मनांत पूर्ण गुण दिले.

जुलैतील एका सकाळीं आम्ही त्याच्या होडींत बसलों. परवाना त्याचा, दोरी त्याची. आमच्या हातीं फक्त वल्हें. वाटेंत त्यानें आपल्या छंदाचें समर्थन आपण होऊनच आरंभिलें, यावरून तें त्याच्याहि मनांत कोठें तरी सलत असावें. "मामा, वर्षाचा खर्च एका नाटकाच्या तिकिटांएवढा. आणि मी मारीत नाहीं. धरतों, पाहतों, सोडून देतों. यांत कोणाचें काय गेलें?" आम्हीं उत्तर दिलें नाहीं. होडी हलकी होती, पाणी स्तब्ध होतें, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांलाहि मजा वाटूं लागली होती.

दहाव्या रंगावर मासा लागला. काठी कमानीसारखी वांकली आणि दहा-बारा मिनिटें भाच्याचा चेहरा आम्हीं कधीं न पाहिलेला असा होता. शेवटीं मासा होडीच्या कडेशीं आला. दोन किलोंचा तरी असेल. करड्या अंगावर फिकट ठिपके. भाच्यानें ओल्या हातानें गळ हळूच काढला आणि त्याला पाण्यांत सोडलें. तो आडवा झाला. त्याला सरळ धरलें, पुढें-मागें हलविलें; सोडतांच पुन्हां आडवा. भाचा पुस्तकें वाचून आला होता. या माशाच्या हवेच्या पिशवीपासून अन्ननलिकेपर्यंत वाट असते, त्यामुळें खोलांतून वर येतांना तो वारा सोडूं शकतो आणि दुसऱ्या कांहीं माशांसारखा फुगत नाहीं, हें त्यानें आम्हांला आधींच सांगितलें होतें. तें खरेंहि होतें. परंतु दमून गेलेल्या, थंडीच्या जीवाला आपण वरच्या ऊन पाण्यांत धरून ठेविलें आहे, हें पुस्तकांतलें दुसरें पान त्याच्या ध्यानांत नव्हतें. वीस मिनिटांनीं मासा मेला.

परततांना आम्ही दोघेहि फारसें बोललों नाहीं. न बोलतां वल्हें मारीत असतां माणूस विचार करतो, आणि आमच्या मनांत पहिला विचार आला तो असा कीं, सोडून देण्याची दया ही फार सोयीची दया आहे. मारणाराला निदान आपण काय केलें हें ठाऊक असतें. सोडणारा पाठ फिरवितो, आणि पाठीमागें काय झालें याचा हिशेब पाण्यावर सोंपवितो. माशाला वेदना होतच नाहींत म्हणावें तर तेंहि आतां तितकें सोपें राहिलें नाहीं. २००३ मध्यें लिन स्नेडन या शास्त्रज्ञ बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ट्राउट माशांच्या ओंठांत मधमाशीचें विष व ॲसिटिक आम्ल टोंचून पाहिलें. मासे अंग डोलवूं लागले, खाणें टाकलें, आणि आम्ल टोंचलेले मासे तळच्या खडीवर ओंठ घांसूं लागले. माशाच्या मेंदूंत माणसासारखें बाह्य पटल नाहीं, तेव्हां त्याला दुःखाची जाणीव असणें शक्य नाहीं, असें म्हणणारे शास्त्रज्ञहि आहेत. वाद मिटलेला नाहीं. परंतु वाद मिटेपर्यंत संशयाचा फायदा कोणाला द्यावयाचा, गळ धरणाराला कीं गळ लागलेल्याला, हा प्रश्न शास्त्राचा नसून आपला आहे. जर्मनीच्या १९७२ च्या प्राणिसंरक्षण कायद्यांत सबळ कारणावांचून पाठीच्या कण्याचा प्राणी मारणें हा गुन्हा ठरविला आहे, आणि करमणूक हें सबळ कारण नव्हे, खाणें हें आहे, असाच त्याचा अर्थ तेथें सामान्यतः लावला जातो. म्हणजे तेथें आमच्या भाच्याची सबब उलटी पडेल: मी खात नाहीं, केवळ सोडून देतों, असें म्हणणाराच अडचणींत येतो!

त्याची दुसरी एक सबब होती. सिम्कोंतील लेक ट्राउट हा पुष्कळसा सरकारनें पैदाशीच्या टाक्यांत वाढवून सोडलेला. गेल्या शतकांत आसपासच्या शेतांचें व शहरांचें फॉस्फरस सरोवरांत वाहून आलें, शेवाळ माजलें, तें कुजून खोल पाण्यांतला प्राणवायु कमी झाला, आणि ट्राउटची नैसर्गिक पैदास जवळजवळ थांबली. तेव्हांपासून मासे बाहेरून आणून सोडणें आलें. सरोवरासाठीं स्वतंत्र संरक्षण कायदा २००८ मध्यें झाला. सोडलेला मासा ओळखूं यावा म्हणून त्याचा एखादा पर लहानपणींच कापतात. "धरण्यासाठींच सोडलेला मासा धरला तर काय बिघडलें?" या सबबीचा आम्हीं फार विचार केला नाहीं. कोणी जन्मास घातलें एवढ्यावरून मारण्याचा हक्क येत असेल तर आईबापांच्या हातीं फार मोठी सत्ता जाईल.

इंग्लंडांत विंडरमियर सरोवरावर चार नांवाचा मासा याच रीतीनें धरीत आले आहेत. संथ वल्हवावयाचें, होडीच्या दोन्ही बाजूंस लांब काठ्या, शिशाच्या वजनाच्या दोरीला वेगवेगळ्या खोलीवर जोडलेले घडीव धातूचे चमचे, आणि काठीच्या टोंकाला घंटा. तो मासा बाजारांत विकला जाई, आणि त्यावर कांहीं घरांची चूल पेटे. सामान जवळजवळ तेंच, गति तीच; पण तेथें आमचा प्रश्न उठत नाहीं, किंवा निराळा उठतो. तेव्हां दोष चमच्यांत नाहीं, आणि पुण्यहि चमच्याच्या स्वस्ताईंत नाहीं. भाचा एका काठीवर एक-दोन मासे धरतो, तो त्याचा संयम नव्हे. त्याच्या खिशाचा तो संयम आहे. उद्यां पगार वाढला, यंत्र आलें, मोठी नौका आली, म्हणजे खरा संयम होता कीं नव्हता हें कळेल. गरिबीनें घातलेली मर्यादा आणि आपण होऊन घातलेली मर्यादा बाहेरून सारखीच दिसते. म्हणून तर आपल्या घरांत ती एका फडताळांत जाते.

हें सगळें आम्हीं घाटावर होडी ओढतां ओढतां भाच्याला सांगितलें, आणि आमच्या बोलण्यावर आम्ही बरेच खूष होतों. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाला, "मग यापुढें उन्हाळ्यांत खोलांत गळ टाकावयाचा नाहीं. मे महिन्यांत, पाणी गार असतां. आणि लागला तो घरीं आणावयाचा, दोन झाले कीं दोरी गुंडाळावयाची. चालेल?" आम्हीं मान हलविली. तो पुढें म्हणाला, "आणि मामा, तुमचा बांगडा? तो जाळ्यांतून काढून होडींत टाकतात, तेव्हां तो किती वेळ तडफडत असेल?"

आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. साठ वर्षें आम्ही मासे खात आलों. कोळणीशीं भावावरून घासाघीस केली, पण त्या माशाच्या मरणाचा हिशेब त्या घासाघिशींत कधीं आला नव्हता. शिवाय तिकडे पाटीवर येतो तो मासा आधींच मेलेला असतो, आणि साफ करण्याचें काम आमच्या घरीं बायकांकडे.

घरीं आल्यावर भाचेसुनेनें तो मासा ओट्यावर ठेवला, आमच्याकडे एकवार पाहिलें, आणि कांहीं न बोलतां सुरी आमच्यापुढें केली. पोट चिरावयाचें कोठून, हें तिनें बोटानें दाखविलें. हात घसरत होता. शेपटीच्या अलीकडे पाठीवर जो लहानसा पर असावयाचा, तो नव्हता. तेथें एक गुळगुळीत, केव्हांच भरून आलेली खूण होती. कल्ले काढावयास आम्हांला फार वेळ लागला.