दर्शन आणि शेजार

नाशिकचा माणूस वाघ बघायला राज्याच्या दुसऱ्या टोकाला, ताडोबाला जातो. हाताशी थोडे जास्त पैसे आले की केनियाची पॅकेजेस चाळायला लागतो. आणि निफाडच्या एखाद्या वस्तीवर बिबट्या दिसला की तोच माणूस व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतो, 'वनखातं झोपलंय का?' जनावर दोन्हीकडे रानटीच. दोन्हीकडे ते आपल्याला टाळून निघून जाण्याची शक्यताच जास्त. तरी एकाला आपण 'सायटिंग' म्हणतो आणि दुसऱ्याला 'दहशत'. हा फरक येतो कुठून?

सोपं उत्तर असं की जंगल ही त्याची जागा आणि शेत ही आपली. पण हे बिबट्याला कुणी सांगितलेलं नाही. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला. तो 2013 साली प्रसिद्ध झाला. दाट वस्तीच्या, उसाच्या त्या पट्ट्यात दर 100 चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. आसपास जंगल म्हणावं असं काही नाही. ते तिथे वाट चुकून आलेले नव्हते, राहत होते. निफाड-सिन्नरकडे ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. मग तोड थांबते, पिल्लं क्रेटमध्ये ठेवून त्याच जागी सोडली जातात, आणि रात्री आई येऊन त्यांना एकेक करून उचलून नेते. ज्या बिबट्याचा जन्म उसात झाला, त्याचं घर कुठलं?

'पकडा आणि जंगलात सोडा' हेही करून झालंय. जुन्नर भागात 2001 नंतर तेच केलं गेलं, आणि पुढे अभ्यासात दिसलं की या हलवाहलवीनंतर माणसांवरचे हल्ले उलट वाढले. 'आजोबा' या बिबट्याची गोष्ट तर त्याच्यावरच्या 2014 च्या सिनेमामुळे अनेकांना माहीत आहे. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळच्या विहिरीतून त्याला काढलं आणि कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. तिथून तो चालत थेट मुंबईजवळ पोचला, वाटेत एकाही माणसाला न दुखवता. नकाशावरच्या आपल्या हिरव्या-पिवळ्या रंगांना त्याच्या लेखी काही अर्थ नव्हता.

मग फरक जागेचा नाही. माझ्या मते तो धोक्याच्या वाटणीचा आहे.

'सफारी' हा स्वाहिली शब्द अरबी 'सफर'मधून आलेला, म्हणजे आपल्या 'सफर'चा सख्खा भाऊ. जो जातो तो परत येणार, हे त्यात गृहीत आहे. मसाई मारातल्या बऱ्याच कॅम्पना कुंपण नसतं. रात्री जेवण झाल्यावर तंबूपर्यंतच्या शंभर पावलांसाठीही टॉर्च घेतलेला रखवालदार सोबत येतो. दूर कुठे सिंह डरकाळतो, अंगावर काटा येतो, आणि आपण चेन ओढून झोपतो. ही भीती खरी असते, पण तिच्यासोबत हमीपत्रही मिळालेलं असतं. आपण तेवढ्याचेच पैसे मोजतो.

आता सिन्नरची एक रात्र घ्या. शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. कांद्याला पाणी द्यायचं तर बाराला उठून मोटर चालू करायला जावं लागतं. हातात बॅटरी, बाजूला दोन पुरुष उंच ऊस. इथे अंगावर येणारा काटा तोच, पण सोबतीला रखवालदार नाही, आणि 'नको, आज नाही जात' असं म्हणायची सोयही नाही. लॉजवरची भीती आपण निवडतो. बांधावरची भीती वीज कंपनीच्या वेळापत्रकासोबत येते.

तुम्ही म्हणाल, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कशाला जोडायच्या? मला वाटतं त्या आधीपासूनच जोडलेल्या आहेत. ताडोबात वाघ दिसतो, कारण नवेगाव, जामणी यांसारखी गावं तिथून उठली, त्यांची चराई थांबली. वाघ वाढले, आणि ज्यांना आत जागा मिळाली नाही ते बाहेर ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे पसरले. एप्रिल-मेमध्ये पाणवठे आटतात, वाघ हमखास दिसतो, म्हणून आपण तेव्हा बुकिंग करतो. आणि त्याच दिवसांत भोवतालच्या गावांतल्या बायका मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला रानात जातात, कारण वर्षाची रोख कमाई तेवढीच. 10 मे 2025 ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ताडोबाच्या वाघांची नावं आपल्याला पाठ असतात: माया, मटकासुर, छोटा मटका. त्या तिघींची कुणाला आठवतात?

यावर पर्यटनाची बाजूही नीट ऐकायला हवी. गाईड आणि जिप्सीचे ड्रायव्हर बहुतेक आसपासच्या गावांतलेच असतात. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोअर भागातलं पर्यटन काही महिने थांबवलं, तेव्हा आधी चूल थंड झाली ती त्यांची. मसाई माराभोवतीच्या कॉन्झर्व्हन्सीत तर जमीनमालक मसाई कुटुंबांना जमिनीचं भाडं मिळतं. सिंह जिवंत राहण्यात त्यांचा रोकडा फायदा आहे. हे सगळं खरं आहे. पण पैसा ज्याच्याकडे जिप्सी आहे, खोली आहे, जमीन आहे त्याच्याकडे आधी पोचतो. पानं तोडणारीपर्यंत तो बहुधा ती गेल्यावर पोचतो, 25 लाखांच्या भरपाईच्या रूपात.

शिवाय पैसे मोजले की नजर बदलते. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-2 वाघीण आणि तिची पाच पिल्लं जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली. व्हिडिओ फिरला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ड्रायव्हर-गाईडवर कारवाई झाली. पण 'अजून पुढे घ्या ना' म्हणणारे मागे बसले होते. नाशिकचंही वेगळं नाही. 25 जानेवारी 2019 ला सावरकरनगरात बिबट्या शिरला, तेव्हा लोक घरात बसले नाहीत, मोबाईल काढून मागे धावले. बिथरलेल्या बिबट्याने काहींना जखमी केलं. जिप्सी नसलेली सफारीच होती ती.

याला आपण निसर्गप्रेम म्हणतो. मला ते दर्शन वाटतं. दर्शनात रांग असते, तिकीट असतं, फोटो असतो आणि घरी परत येणं असतं. शेजारात यातलं काहीच नसतं.

शेजाराची रीत आपल्याच जिल्ह्यात आहे. दिवाळीच्या तोंडावर शहरात वसुबारस होते, गाय-वासराची पूजा होते. त्याच दिवशी पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या पाड्यांवर वाघबारस असते. वाघदेवाच्या लाकडाला किंवा दगडाला शेंदूर लावतात, नैवेद्य दाखवतात आणि आमची गुरं राख म्हणतात. खुद्द ताडोबाचं नावही तारू या गावप्रमुखावरून पडलं असं सांगतात. तो वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. यात वाघावर प्रेम असलंच पाहिजे अशी अट नाही. वासरू गेलं की हीच माणसं शिव्याही घालतात. पण तू इथे आहेस, मीही इथे आहे, एवढं त्यात मान्य असतं.

आपण शहरातले वाघदेव मांडणार नाही, आणि मांडावा असंही मी म्हणत नाही. पण ज्याच्या अंगणातून हे जनावर जातं त्याचे आपण देणेकरी आहोत, एवढं तरी मान्य करता येईल. मग दिवसा थ्री-फेज वीज, वस्तीवर दिवा, पक्का बंदिस्त गोठा, घरात संडास या शेतकऱ्यांच्या मागण्या राहत नाहीत, वाघ जगावा असं वाटणाऱ्या प्रत्येकाच्या होतात. सौर कृषी वाहिनी योजनेची बातमी आपण वन्यजीवांची बातमी म्हणून वाचायला हवी. सिन्नरचा शेतकरी कांद्याला दिवसा पाणी देऊ लागला, तर त्या रात्री ऊस बिबट्याचा आणि झोप शेतकऱ्याची. त्याचा फोटो कुणी काढणार नाही, आणि काढण्याजोगं तिथे काही घडलेलंही नसेल.