सवड कोणाची?

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतांत तुर्नू गांवाहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता ब्रांसियोंच्या खिंडीपर्यंत चढत जातो आणि मग शापेझच्या बाजूस झाडींतून मोकळा उतरतो. दोन वर्षांपूर्वीं मे महिन्यांत मी त्या उतारावरून सायकलनें खालीं येत होतों. दोहों बाजूंस झुडुपांचीं कुंपणें, पलीकडे शारोले जातीचीं पांढरीं शुभ्र गुरें, आणि दूरवर एकामागून एक उठणाऱ्या हिरव्या टेकड्या. एका वळणापाशीं एक म्हातारा शेतकरी हात पसरून उभा असलेला दिसला. त्याचें वासरूं फाटकांतून निसटून रस्त्यावर आलें होतें. तें मागें वळावयाचें तर खालच्या बाजूस कोणी तरी आडवें उभें राहणें जरूर होतें, आणि म्हातारा होता वरच्या बाजूस. मीं हळूच पुढें जावें आणि सायकल आडवी धरून उभें राहावें, असें त्यानें खुणेनें सांगितलें. मला तें स्वच्छ समजलें. मी ‘माफ करा, मला उशीर होत आहे’ असें माझ्या मोडक्या फ्रेंचमध्यें म्हणालों आणि कडेनें निसटून गेलों. वासरूं बिचकलें व माझ्या मागोमाग आणखी थोडें खालीं धांवलें. कुंपणाआड त्याची आई हंबरत होती.

उशीर कशाला होत होता? मला कोठेंही जावयाचें नव्हतें. दहा दिवस केवळ भटकण्यासाठीं मीं काढून ठेवले होते. पुढल्या गांवच्या खाणावळींत दीड वाजल्यानंतर जेवण मिळत नाहीं, आणि त्या दिवसाचे सत्तर किलोमीटर पुरे करावयाचे असें मीं सकाळीं मनाशीं ठरविलें होतें, एवढेंच काय तें कारण. जेवण वेळेवर मिळालें. मात्र कॉफी पीत असतां मनांत जो प्रश्न उभा राहिला, तो त्या दिवसापासून मला सोडावयास तयार नाहीं. ज्याच्यापाशीं वेळाखेरीज दुसरें कांहीं नव्हतें, त्यानेंच वेळ नाहीं म्हणून सांगितलें, याचा अर्थ काय लावावा?

ह्या प्रवासाचें सुख ज्यांनीं चाखलें नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. फ्रान्समध्यें लहान रस्त्यांचें जाळें इतकें दाट आहे कीं मोठ्या रस्त्यास न शिवतां आठवडेच्या आठवडे हिंडतां येतें. मिशलँच्या नकाशांत रम्य रस्त्यांच्या कडेनें हिरवी रेघ असते आणि चढाच्या जागीं बाणाचीं टोंकें असतात. एक टोंक असेल तर चढ साधा, तीन असतील तर मुकाट्यानें खालीं उतरावें. गांवांत शिरतांना पाटीवर गांवाचें नांव दिसतें, बाहेर पडतांना तेंच नांव तांबड्या तिरप्या रेघेनें खोडलेलें असतें. अशीं दहा-बारा गांवें दिवसांतून आपल्यापुरतीं जन्मतात आणि खोडलीं जातात. दुपारीं बारानंतर सगळें मिटतें. दुकान, कचेरी, झडपा, सर्व बंद. अशा वेळीं पाणी मिळण्याचें खात्रीचें ठिकाण म्हणजे गांवची स्मशानभूमि. फुलझाडांस घालण्यासाठीं तेथें बहुधा नळ असतो, आणि अनुभवी सायकलस्वार गांवांत विचारपूस करीत न बसतां सरळ त्या भिंतीकडे वळतो. मृतांच्या दारीं तहान भागविण्याचें प्रथम मला चमत्कारिक वाटलें. तिसऱ्या दिवशीं कांहींच वाटेना.

आपल्याकडे मात्र असल्या हिंडण्यास प्रतिष्ठा नाहीं. वारीला निघालेल्या माणसास कोणी रिकामटेकडा म्हणत नाहीं, कारण वाटेच्या शेवटीं पंढरपूर असतें. ज्या वाटेच्या शेवटीं कांहींच नाहीं, तिच्यावरून चालणाऱ्यासाठीं आपण रिकाम्या न्हाव्याची आणि त्याच्या तुंबड्यांची म्हण राखून ठेविली आहे. मीही ह्याच संस्कारांत वाढलों. तेव्हां रोजचे सत्तर किलोमीटर हें माझें पंढरपूर होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं. निरुद्देश हिंडण्याची लाज वाटूं नये म्हणून मीं तो आंकडा जवळ बाळगला होता.

सायकलच्या इतिहासांत ही ओढाताण फार जुनी आहे. आंरी देग्रांज यानें १९०३ सालीं आपल्या ‘लोतो’ ह्या वर्तमानपत्रातर्फे फ्रान्सप्रदक्षिणेची शर्यत सुरू केली. त्याच्या दृष्टीनें सायकल म्हणजे पुरुषार्थाची कसोटी होती. गिअर बदलण्याची यांत्रिक सोय त्याला स्नायूंचा अपमान वाटे. त्याच्या शर्यतींत ती सर्वांना खुली व्हावयास १९३७ साल उजाडावें लागलें. दुसऱ्या बाजूस सेंतेत्येन शहरचा पॉल द व्हीव्ही उभा होता. १८५३ सालीं जन्मलेला हा गृहस्थ आरंभीं रेशमाच्या व्यापारांत होता. पुढें तो ‘व्हेलोसिओ’ या टोपणनांवानें प्रसिद्ध झाला. त्यानें १८८७ मध्यें सायकलस्वारांसाठीं नियतकालिक काढलें, गिअरांचा पुरस्कार केला, आणि प्रवासी सायकलस्वारांस कांहीं नियम घालून दिले. भूक लागण्यापूर्वीं खावें, तहान लागण्यापूर्वीं प्यावें, आणि निव्वळ अभिमानापोटीं कधींही पॅडल मारूं नये, असा त्यांचा आशय आहे. हा शेवटचा नियम वाचून मला वाटलें होतें कीं हा माणूस मंदगतीचा पुरस्कर्ता असणार. वस्तुतः तो रात्र रात्र सायकल हांके आणि ईस्टरच्या सुटींत दूर प्रोव्हान्सपर्यंत मजल मारी. म्हणजे वेग हा त्याच्या मतें दोष नव्हता. कोणाला दाखवावयाचें म्हणून धांवणें हा दोष होता. ह्या कसोटीस मी लावला गेलों तर माझी गति कमी असूनही मी देग्रांजच्याच पंथाचा ठरतों.

पण सवडीचा प्रश्न एका माणसाच्या मनापुरता राहत नाहीं. २० जून १९३६ रोजीं लेओं ब्लूमच्या सरकारनें कामगारांस वर्षांतून दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा केला. क्रीडा व विश्रांति हें खातें सांभाळणाऱ्या लेओ लाग्रांज यानें रेल्वेचें भाडें चाळीस टक्के उतरविलें, आणि त्या उन्हाळ्यांत ज्यांनीं जन्मांत समुद्र पाहिला नव्हता अशीं माणसें समुद्राकडे निघालीं. कोणी आगगाडीनें, कोणी दोघांच्या जोडसायकलीवर बसून. पुढें १९४० मध्यें फ्रान्सचा पराभव झाला, तेव्हां मार्शल पेतँनें त्याचें खापर राष्ट्राच्या भोगलालसेवर फोडलें. १९४२ सालीं रियोम येथें ब्लूमवर खटला उभा राहिला आणि त्यांत कामाचे तास कमी केल्याचा आरोपही होता. जवळजवळ सवडच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभी होती म्हणाना! ब्लूमनें उत्तर देतांना रस्त्यावर पाहिलेल्या त्या जोडसायकलींचा उल्लेख केला. कष्टाच्या काळोख्या आयुष्यांत आपण थोडा उजेड आणला, याचें समाधान त्यानें न्यायाधीशांसमोर बोलून दाखविलें. खटला आरोपकर्त्यांवरच उलटूं लागला आणि एप्रिलमध्यें तहकूब झाला तो पुन्हां चालला नाहीं. पुढल्या वर्षीं ब्लूमची रवानगी जर्मनींत बूखनवाल्ड येथें झाली.

ह्या प्रकरणांत मी निःसंशय ब्लूमच्या बाजूचा आहें. जोडसायकलीवरील त्या नवराबायकोनीं आपल्या पंधरा दिवसांचा जाब कोणाला देण्याचें कारण नव्हतें. सवडीला उपयोगाचा दाखला मागणें ही मालकाची वृत्ति होय, मग तो मालक गिरणीचा असो वा राष्ट्राचा. मात्र एवढें म्हटल्यावर मला त्या म्हाताऱ्याची आठवण होते. पगारी रजेच्या कायद्यानें स्वतःची शेती स्वतः कसणाऱ्याला कांहींच मिळालें नाहीं, कारण त्याला रजा देणारा धनी तोच. गुरांचें पाणी रविवार पाहत नाहीं. आणि मी ज्याला निसर्गशोभा म्हणून डोळे भरून पाहत होतों, तीं कुंपणें कोणी तरी दरसाल छाटतो, तीं कुरणें कोणी तरी राखतो, म्हणून तर ती शोभा तेथें असते. खाणावळीचें बिल मीं चुकतें केलें. ह्या देण्याचें बिल कोणी पुढें केलें नाहीं.

येथें एक आक्षेप निघतो आणि तो मला पोकळ वाटत नाहीं. वाटेंत भेटणाऱ्या प्रत्येकाचा माझ्या वेळेवर हक्क असेल तर सवड उरली कोठें? गिरणीमालकालाही नेहमींच तातडीचें काम असतें. म्हणून तर कायद्याला त्या पंधरा दिवसांभोंवतीं कुंपण घालावें लागलें. मग म्हाताऱ्याची हांक आणि मालकाचा भोंगा यांत फरक कोणता? बराच विचार केल्यावर मला तो असा दिसतो, कीं मालक आज्ञा करूं शकतो, म्हाताऱ्याला फक्त विनंति करतां येत होती. भोंग्याला नकार देणारा कामगार आपल्या पोटावर पाय येऊं देतो. मला नकार देऊन कांहींएक गमवावें लागणार नव्हतें. माझ्यावर कोणाची सक्ति नव्हती, आणि म्हणूनच तो नकार पुरतेपणीं माझा होता. कचेरींत असतों तर दोष साहेबावर, घड्याळावर, आगगाडीच्या वेळापत्रकावर ढकलतां आला असता. त्या उतारावर दोष ढकलावयास माझ्याजवळ दुसरें कोणी नव्हतें. म्हणून मीं घाईघाईनें दीड वाजतांची वेळ आणि सत्तर किलोमीटर यांना पुढें केलें. आयुष्यभर सवडीची वाट पाहणारा माणूस ती मिळतांच तिला पहिल्यांदा मालक शोधून देतो, हें मीं स्वतःवरून पाहिलें.

कोणी म्हणेल, पांच मिनिटांच्या गोष्टीवर हा केवढा ऊहापोह! वासरूं गेलें कोठें असेल? मिळालेंच असेल. असेंच मीही त्या रात्रीं क्लूनीला मनाची समजूत घालीत होतों. क्लूनीस पाहण्यासारखें पुष्कळ आहे. ९१० सालीं स्थापन झालेल्या तेथील मठाचें मंदिर रोमचें सेंट पीटर नव्यानें उभें राहीपर्यंत ख्रिस्ती जगांत सर्वांत मोठें होतें. राज्यक्रांतीनंतर तें विकलें गेलें आणि लोकांनीं त्याचे दगड खाणींतल्याप्रमाणें काढून नेले. आज दहावा हिस्साही शिल्लक नाहीं. तें पाहण्यासाठींच मीं दुसरा दिवस राखून ठेविला होता. सकाळीं उठलों, नकाशा उघडला, आणि उत्तरेच्या रस्त्याला लागून आदल्या दिवशीं आलों त्याच वाटेनें परत निघालों.

शापेझचा उंच मनोरा मागें टाकून चढ चढूं लागलों, तेव्हां दहा वाजून गेले होते. वळण मीं ओळखलें. फाटक बंद होतें आणि त्याच्या कडीला नव्या तारेचे तीन-चार वेढे घातलेले होते. आसपास माणूस दिसेना. मी सायकल कुंपणाला टेकवून बराच वेळ उभा राहिलों. आंत सात-आठ गाई चरत होत्या आणि त्यांच्याभोंवतीं तितकींच पांढरीं वासरें. एकदोन माना वर उचलून माझ्याकडे पाहूं लागलीं. कालचें कोणतें, हें मला ओळखतां आलें नाहीं.